खडकावरचा उजेड

संपाची गोष्ट काढली की लोक आधी चेहरा पाडून बसतात आणि मग विचारतात, किती घरं बसली हो? अरे बाबांनो, बसली, बसली. ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मी सांगतोय ती गोष्ट एका उभ्या राहिलेल्या माणसाची आहे. आणि तो एकट्याच्या जोरावर उभा राहिला नाही, हे त्याने मला निदान पन्नास वेळा बजावलंय. "हे आधी सांग, मग बाकीचं," म्हणतो. घ्या, सांगितलं.

त्याचं नाव आनंदा. काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, बायको कालिंदी, आणि मिलमध्ये वायरमनची नोकरी. साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, दिवे टांगणं हे त्याचं मुख्य काम. विणणाऱ्याला तुटलेला धागा दिसला पाहिजे, म्हणून दिवा बरोबर त्या माणसावर पडला पाहिजे. वीतभर इकडे-तिकडे झाला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आईमाई काढायचा. अठरा वर्षं आनंदाने हेच केलं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे याच सवयीने त्याला तोंडघशी पाडलं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले चार-सहा महिने चाळीत नुसता जोश होता. मग एकेक जण गावाला जाऊ लागला. आनंदाच्या हाताला काम नाही, आणि कामाशिवाय बसणं त्याला जमायचं नाही. घरातला चालू पंखा खोलायचा आणि पुन्हा जोडायचा. कालिंदी कावली होती. "अहो, त्या पंख्याने काय पाप केलंय?" म्हणायची.

अशा दिवसांत गुणवंती चाळीचे जिने चढून यायची. ही वरळी कोळीवाड्याची. वीस वर्षं मिलच्या गेटासमोर मासळीची पाटी घेऊन बसलेली, आवाज असा की भोंगा लाजावा. पाळी सुटली की बायाबापड्यांचा तिच्याभोवती गराडा. आता गेटच बंद. पण ही बाई आठवड्यातून दोनदा काळाचौकीला यायची आणि कालिंदीच्या उंबऱ्यात मांदेली नाहीतर बोंबील ओतायची.

"उरलंय गो. फेकायचंच हाय. घे."

कसलं उरलंय! बांगड्याचे कल्ले लालबुंद, डोळे लखलखीत. सकाळी पहिल्या पाटीतून काढलेली मासळी ती, आंधळ्यालाही कळलं असतं. एकदा आनंदाने मान खाली घालून विचारलं, "मावशी, कशाला करतेस एवढं?"

ती उखडलीच. "कशाला म्हणजे? वीस वर्सं तुमच्या पगारावर माझी पोरं वाढली. तवा मी इचारलं व्हतं, कशाला घेता म्हणून?"

त्या दिवशी आनंदाला जेवण गेलं नाही. आपण या बाईसाठी काहीतरी करायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं. पण करणार काय? रिकाम्या हाताचा माणूस.

ते तिनेच सुचवलं, तेही नकळत. तिचा नवरा रामचंद्र तांडेल, म्हणजे होडीचा कारभारी. संध्याकाळी परत येताना किनाऱ्याजवळ चिंचोळी वाट, आणि वाटेच्या डाव्या अंगाला एक काळा खडक. भरती असली की खडक जवळजवळ सगळा पाण्याखाली, त्याची टोपी तेवढी वर. दिवेलागणीनंतर तीही दिसायची नाही. "रोज त्ये उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो," गुणवंती कालिंदीला म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली. आनंदा पंखा तसाच उघडा टाकून उठला. कालिंदी म्हणते, दीड वर्षाने त्याच्या चेहऱ्यावर रंग दिसला.

दारूखाना म्हणून बंदराकडची वस्ती आहे, तिथे जुनी जहाजं तोडतात. तिथल्या एका भंगारवाल्याची वायरिंग करून देऊन, मजुरीच्या बदल्यात आनंदाने एक रिफ्लेक्टर आणला. भाकरीच्या परातीहून मोठा, आतून आरसा, एका कडेला चेपलेला. आता बल्ब बसवायचा कुठे? अंदाजाने बसवला तर उजेड नुसता पसरायचा. म्हणून तो गिरगावात कमलाकांतांकडे गेला. हे सरकारी नकाशा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. जुन्या प्रभू घराण्यातले, बोलणं मोजकं, चहाचा कप बशीशिवाय उचलायचे नाहीत. आनंदाने त्यांच्याकडे एकदा मेन स्विच बदलून दिला होता, तेवढीच ओळख.

"अहो मिस्त्री, सोपं आहे," कमलाकांत म्हणाले. "रिफ्लेक्टर सूर्यापुढे धरा. जिथे कागद पेटेल, तिथे बल्ब ठेवा. उजेड ज्या वाटेने आत येतो, त्याच वाटेने बाहेर जातो."

आनंदा थेट चाळीच्या गच्चीवर. भर दुपारी रिफ्लेक्टर उन्हात धरला, कागद पुढे-मागे केला, आणि नेमकं जिथे सगळं ऊन गोळा झालं तिथे शेजारच्या अण्णांचं धोतर वाळत होतं. भस्सकन धूर! अण्णा खालून शंख करत वर आले. आनंदा जळक्या भोकाला पट्टी लावून अंतर मोजत होता. "अण्णा, सापडलं! सापडलं!" अण्णांनी काय काय सापडवून दिलं ते इथे लिहिता येत नाही. पण ते धोतर त्यांनी पुढे वर्षभर नेसलं आणि भोक दाखवत फिरले, हेही खरं.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात दिवा तयार झाला. हजार वॉटचा बल्ब, मागे रिफ्लेक्टर, सगळं लोखंडी स्टँडवर. गुणवंतीच्या घराच्या गच्चीवर चढवला. अर्धा कोळीवाडा बघायला गोळा. अंधार पडता पडता रामचंद्राची होडी आली. आनंदाने बटण दाबलं आणि झोत फिरवून बरोबर होडीवर धरला, थेट सुकाणूवरच्या माणसावर. अठरा वर्षांची सवय! उजेड माणसावर पाडायचा, म्हणजे माणसाला दिसतं.

होडी थबकली, वळली आणि खडकाला घासली. फळी फुटल्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला.

माणसं सुखरूप होती. पण रामचंद्र पाण्यातून बाहेर आला तो डोळे चोळत आणि ओरडत. "कोनी लावला रं तो दिवा? डोलं फोडलंस माझं! कायपन दिसंना!" होडी आठ दिवस दुरुस्तीला. ज्या बाईने उपाशी ठेवलं नाही, तिच्या घराचा रोजगार याने आठ दिवस बंद पाडला. आनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घराबाहेर पडेना. कालिंदीला म्हणाला, "गावाला जाऊ. इथे माझा कुणाला उपयोग नाही. उपयोग करायला गेलो, तर हे असं."

कालिंदीने ट्रंक खाली काढली. वाद घातला नाही, कारण त्याची अशी अवस्था तिने संपातसुद्धा पाहिली नव्हती.

नवव्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. गुणवंती, डोक्यावर पाटी. आणि मागे रामचंद्र! आनंदा उठून उभा राहिला. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसू दे.

गुणवंतीने आधी ट्रंकेकडे बघितलं, मग उंबऱ्यात हलवा ठेवला, हलवा म्हणजे मासा हो. रामचंद्र दारातच उकिडवा बसला. बोलायची सवय नसलेला माणूस, त्याने आधी विडी पेटवली.

"दिवा चांगला हाय," तो म्हणाला. "पन मना कशाला दावतंस? मी खंय हाय ता मना ठाव हाय. खडक खंय हाय ता दाव."

आनंदा त्याच्याकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट, आणि आपल्याला सुचू नये! तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता रडला. कालिंदीने ट्रंक परत वर ठेवली.

पण खडकाची वर दिसणारी टोपी हातभर, आणि चेपलेल्या रिफ्लेक्टरचा उजेड सगळीकडे उडणारा. नुसत्या खडकावर पडेल आणि होडीच्या वाटेत येणार नाही, असा बारीक झोत हवा होता. आनंदा पुन्हा गिरगावात गेला आणि झालेली फजिती काहीही न लपवता सांगितली. कमलाकांत उठले, कपाटातून मखमलीत गुंडाळलेलं एक जाड भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या आजोबांच्या जादूच्या कंदिलाचं. त्या कंदिलाने भिंतीवर चित्रं दाखवायचे म्हणे, सगळी वाडी जमायची.

"साहेब, हे घरातलं... मी नाही नेणार."

"मिस्त्री, हे तीस वर्षं कपाटात अंधारात बसलंय. न्या त्याला. समुद्र बघू द्या."

 आनंदाने वाकून नमस्कार केला आणि भिंग छातीशी धरून तो गिरगाव ते काळाचौकी चालत आला. बसमध्ये धक्का लागला असता तर?

नवा दिवा लहान झाला. बल्बच्या मागे रिफ्लेक्टरचा न चेपलेला तुकडा, पुढे तेलाच्या डब्याची नळी, नळीच्या तोंडाशी भिंग. रामचंद्राने ओहोटीला जाऊन खडकाच्या टोपीला चुना फासला. संध्याकाळी बटण दाबलं. समुद्र काळाच राहिला, आणि त्यात एक पांढरा ठिपका उभा राहिला. कुणाच्या डोळ्यांत काही गेलं नाही. पहिली होडी ठिपक्याच्या उजवीकडून अलगद आत आली, मग दुसरी, मग तिसरी. गुणवंतीने पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू आला नाही.

पुढे मिल सुरू झाली, पण तिने आनंदाला परत घेतलं नाही. नव्या मस्टरवर त्याचं नावच नव्हतं. दोन महिने दुखलं त्याला ते, खोटं कशाला सांगू? मग त्याने छोटं दुकान टाकलं, गणपतीच्या मंडळांना झोताचे दिवे करून दिले आणि घर चालवलं. वर्षातून दोनदा कोळीवाड्यात जाऊन दिवा तपासायचा. भिंग मात्र गुणवंती कुणाला पुसू द्यायची नाही. गोड्या पाण्याने आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने खारं मीठ स्वतः काढायची.

तेरा-चौदा वर्षं गेली. गुणवंतीच्या नातवाची हळद होती. आनंदा आणि कालिंदी दुपारीच पोचले. तिन्हीसांजेला हळदीच्या गडबडीतून दोघं जरा किनाऱ्यावर येऊन बसली. दिवा लागला, खडक उजळला. होड्या परतत होत्या. पुढच्या होडीवर विशीतली पोरं, आनंदाने कधी न बघितलेली. त्यांतला एक मागच्या होडीला हात करून ओरडला,

"आनंदाला डाव्या हाताला ठेव रं!"

मागच्या होडीतून आवाज आला, "ठेवला, ठेवला!"

कालिंदीने नवऱ्याकडे बघितलं. गुणवंती मागे येऊन उभी होती, हात हळदीने पिवळे. "त्या खडकाला नाव नव्हतं," ती म्हणाली. "लोकं आता तुझंच घेत्यात. पोरांना वाटतं, पयल्यापासून ह्येच हाय."

"त्यांना सांगू का गं, की ते आनंदा हेच?" कालिंदीने विचारलं.

"नको," आनंदा म्हणाला. "खडकच राहू दे."

मग तिसरी होडी आली. तिच्यावरच्या पोरानेही हाक दिली, आणि तिघं तिथेच थांबून सगळ्या होड्या आत येईपर्यंत ऐकत राहिली.