मिठाला काय चिकटतं

नाशिकच्या पोरी परदेशी निघाल्या की गाडी करून विमानतळावर जातात. मी झेंडूच्या टेम्पोतून गेले. दोन हजार एक साल, दसरा तोंडावर आलेला. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मळ्यातला माल दादरच्या फुलबाजारात जायचाच होता, मग वेगळी गाडी कशाला? ड्रायव्हर, मध्ये मी, खिडकीशी दादा, आणि मागे फुलांच्या क्रेटमध्ये माझी नवी बॅग.

इगतपुरी मागे पडल्यावर दादांनी विचारलं, "तिकडं जाऊन नेमकं करायचं काय?"

सगळी केमिस्ट्री सांगत बसले असते तर घाट उतरून झाला असता. म्हटलं, "मिठाच्या खड्यावर एकेक रेणू चिकटवायचा."

"मिठाला? आपल्याकडं काय मीठ नाय?" ड्रायव्हर खो खो हसला. दादा हसले नाहीत. म्हणाले, "चिकटलं की घरी यायचं. लगेच."

मी हो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

तुम्ही जे मळ्यातच राहिलात, आणि जे माझ्यासारखे उडालात, त्या सगळ्यांना मी तिथे काय करत होते ते एकदा सांगूनच टाकते. रेणूंपासून अगदी बारीक तारा बनवता येतील का, असा तो प्रश्न. धातूवर रेणू झटकन बसतो, पण मग त्यातली वीज धातूत पळून जाते. मिठातून वीज जात नाही, म्हणून मीठ हवं. पंचाईत अशी की मिठावर रेणू थांबतच नाही. इकडून तिकडे घसरतो आणि कडेला जाऊन ढीग करतो. त्याला पाय लावायचे, मिठाला धरतील असे. ते पाय कसे असावेत, हे ठरवायचं माझं काम.

त्या स्विस लॅबमध्ये रेगुला नावाची तिथलीच मैत्रीण होती. पहिल्याच दिवशी तिने चिमट्यात धरून मिठाचा स्फटिक माझ्यापुढे केला, आणि मी हात मागे घेऊन म्हटलं, टेबलावर ठेव. हातात मीठ दिलं की भांडण होतं, हे आईने इतकं बिंबवलेलं! रेगुलाला वाटलं, हा भारतातला सुरक्षेचा नियम असावा.

दर रविवारी फोन. "चिकटलं का?"

"नाही, दादा."

"डिंक लाव की जरा."

माझे पहिले रेणू मिठाला सोडून एकमेकांच्याच गळ्यात पडत. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. आम्ही चार मराठी घरंही दर शनिवारी पोह्यांभोवती तेच करत होतो. पण का पडतात, हा किडा डोक्यातून जाईना. मग मी रेणूचा मधला भाग फुगीर केला, म्हणजे त्यांना फार जवळ येता येऊ नये. आणि दोन पायांतलं अंतर मिठातल्या कणांच्या अंतराएवढं करून घेतलं. हे लिहायला दोन ओळी पुरल्या, करायला वर्षं गेली.

एका दुपारी सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रीनवर रेणू दिसले. सपाट मिठावर, वेगवेगळे, जागच्या जागी. "अगं बाई, बसले की!" मी मराठीतच ओरडले. रविवारची वाट न बघता घरी फोन लावला.

"दादा, चिकटलं!"

"ए, चिकटलं तिचं!" दादा घरभर ओरडले. मागून आईचं हसू ऐकू आलं. मग दादा फोनवर आले. "मग कधी येतेस?"

मला तिथे दोन वर्षांची नोकरी देऊ केली होती. पण खरं कारण नोकरी नव्हती. "दादा, आता ते दुसऱ्या कशावर बसतं का ते बघायचंय."

"म्हणजे येत नाय."

"एवढ्यात नाही."

"बरं," दादा म्हणाले. "जेवत जा वेळेवर."

त्यानंतर दादांनी 'कधी येतेस' असं एकदाही विचारलं नाही. मला फार रडू आलं होतं त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा स्फटिक घेऊन कामालाही लागले होते. दोन्ही खरं आहे.

आता नाशिकला गेले की चपला काढायच्या आधी दादा विचारतात, "किती दिवस हायेस?" इथे परदेशात मला असं कुणीच विचारत नाही. मग हे घर म्हणायचं की ते? एवढं मात्र कळतं, की दादांनी ते विचारलं की मी पाहुणी असल्यासारखं वाटतं, आणि नाही विचारलं तर मला चालायचं नाही.