ज्येष्ठेची आत्या

लिंबायतच्या आमच्या गच्चीवर दिवेलागणीनंतर आकाश न्याहाळणारी अनुसयाबाई मला पहिल्यांदा दिसली. ती साड्यांवर खडे लावायची. भावाची मुलगी ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मली, म्हणून घरचे बाळाला अपशकुनी म्हणत होते. बारशाला नाव मात्र आत्या म्हणून अनुसयाबाईलाच ठेवायचं होतं.

"गुरुजी, ती ज्येष्ठा दाखवा. बघू तरी काय वाईट आहे तिच्यात."

मी शाळेतला मास्तर; विंचवाच्या आकृतीतला तांबूस तारा तिला दाखवला.

"तांबडी का?"

"सूर्यापेक्षा थंड आहे म्हणून. पण आकाराने शेकडो पट मोठी. ज्येष्ठा म्हणजे थोरली."

"आमचीही थोरलीच."

बारशाला तिनं बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपके घातले, जरा जोरातच.

आता अनुसयाबाई रोज ज्येष्ठाला शाळेत पोचवून मग कामाला बसते.