भावोजींच्या गाडीचे चार पाय

जावयावर ओरडायचं नसतं. हा नियम ज्याने केला, त्याच्या जावयाकडे मोटरहोम नसणार.

आमच्या जावयाकडे आहे. प्रफुल्लभाई, वलसाडचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, यांनी बसएवढी गाडी घेतली. आत पलंग, ओटा, टीव्ही, संडास! (अच्छाडच्या तपासणी नाक्यावर म्हणे कोणीतरी विचारलं, "माल काय भरलाय?" ताई खिडकीतून म्हणाली, "मी!")

तर ही गाडी एका संध्याकाळी कोसबाडच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत शिरली आणि बरोब्बर फाटकाच्या तोंडाशी उभी राहिली. जमीन तिथे उतरती आहे. भावोजींनी एक बटण दाबलं. गाडीच्या पोटातून चार जाडजूड लोखंडी पाय बाहेर आले, जमिनीवर टेकले आणि कललेली गाडी सरळ झाली.

"हायड्रॉलिक जॅक, दिनूभाई! आता आत पाण्याचा ग्लास ठेवा. थेंब नाय सांडायचा!"

मी "वा वा" म्हणालो. आई तर इतकी खूश झाली, की रात्री त्या गाडीतच झोपली. पंखा लावून, दिवे लावून आणि टीव्ही चालू ठेवून.

सकाळी चिकूचा टेम्पो भरून तयार. डहाणूहून दिल्लीला जाणारा ट्रक दुपारी सुटतो. तो चुकला की सगळा चिकू घरात पिकणार, आणि आमच्याकडे चिकूचं जे जे करता येतं ते करून झालेलं आहे. (चिकूचं रायतं खाल्लंय कधी? खाऊ नका.)

"भावोजी, गाडी जरा बाहेर घेता का?" मी आवाजात मध घालून विचारलं.

"बे मिनिट!"

त्यांनी बटण दाबलं. पुढचे दोन पाय सुर्रकन वर गेले. मागचे दोन जागचे हलेनात! गाडीने नाक खाली घातलं, शेपटी वर केली आणि ती पीं-पीं-पीं करून ओरडायला लागली. आतून भांडी गडगडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आईचा.

"दिन्याऽऽ! मी घसरले की गाडी?"

"आई, उतर खाली!"

"उतरू कशाला? गादी मऊ आहे. चहा आणून दे."

माझं डोकं तापायला लागलं. भावोजींवर ओरडता येईना, म्हणून मी कुत्र्यावर ओरडलो. मग टेम्पोवाल्या रमणवर. तो "शेट, एक सांगू का?" एवढंच म्हणाला होता.

"काही सांगू नको!"

"ऑइल कमी झाला असेल," भावोजी म्हणाले. त्यांनी पुढचं झाकण उघडून ऑइलची टाकी पाहिली. काठोकाठ भरलेली!

"कमी असतं तर शेंगदाण्याचं दिलं असतं हो," सुषमा, म्हणजे माझी बायको, घराच्या ओट्यावरून म्हणाली. मी तिच्यावरही ओरडलो. तिने ते रोजच्यासारखं सोडून दिलं.

मग भावोजींना बॅटरीची आठवण झाली. आईने रात्रभर टीव्हीला गुंगवलं होतं, का टीव्हीने आईला, पण बॅटरी पार बसली होती. "इंजिन चालू ठेवू, चार्ज होऊ द्या," ते म्हणाले आणि पुस्तिका शोधायला आत गेले. इंजिन घुरघुरत राहिलं. मी केबिनमध्ये बसलो आणि नुसतं बसवेना म्हणून आयुष्यातला एक शहाणपणा केला. हँडब्रेक काढून ठेवला. पाय वर झाले की गाडी लगेच हलली पाहिजे ना!

भावोजी आले. बटण दाबलं. आता तर पीं-पींसुद्धा नाही!

"अरे! मघाशी निदान ओरडत तरी होती!"

फ्यूज पाहिले. बटण रुमालाने पुसलं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. भावोजींनी गणपतीचं नाव घेतलं, मी घेतलेली नावं लिहिण्यासारखी नाहीत. रमण पुन्हा आला, "शेट, ते—"

"चूप!"

शेवटी भावोजींनी गाडी बनवणाऱ्यांच्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे, एकेक शब्द मोजून बोलायला लागला, तसा मी फोन हिसकावून घेतला.

"साहेब, इंजिन चालू आहे?"

"आहे!"

"हँडब्रेक ओढलेला आहे?"

"नाही! मी काय वेडा आहे? मी स्वतः काढून ठेवलाय!"

 तो माणूस जपून म्हणाला, "साहेब, हँडब्रेक ओढल्याशिवाय जॅक हलत नाहीत. सेफ्टीसाठी तसं केलेलं असतं."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्यांनी हात लांब करून हँडब्रेक ओढला, बटण दाबलं आणि मागचे दोन्ही पाय शहाण्या मुलासारखे वर गेले. गाडी चाकांवर टेकली. भावोजींनी ती फाटकाबाहेर घेतली.

"रमण!" मी गरजलो. "काढ टेम्पो! पळव!"

वळून पाहिलं, तर ना रमण, ना टेम्पो!

"तो कधीच गेला," सुषमा म्हणाली. "मीच शेजारच्या नानांना सांगून त्यांच्या वाडीतून वाट करून दिली. कुंपणाची तार सोडावी लागली एवढंच. आता डहाणूत पोचलासुद्धा असेल."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"दोनदा सांगायला आला होता बिचारा."

"मग मी एवढा वेळ ओरडत कशासाठी होतो?"

"आम्हालाही तोच प्रश्न पडला होता," गाडीच्या खिडकीतून आई म्हणाली. "पण तुझी ताई म्हणाली, चालू दे. व्यायाम होतोय त्याचा."

रागवायला आता काही म्हणता काही उरलं नव्हतं. चिकू वेळेवर गेले होते, गाडी हलली होती, जावई नाराज नव्हते. सुषमाने हातात चहाचा कप दिला. मी एक घोट घेतला.

"यात साखर किती घातलीय!" मी ओरडलो.

जरा बरं वाटलं.