भरते का नाई, ते सांगा!

आमच्या खोलीत किस्से साठणारच. पेशंट दीड तास काचेच्या नळकांड्यात आडवा, न भरणारी जखम भरावी म्हणून दाबाखाली ऑक्सिजन सोडलेला, आत ना मोबाइल ना पेपर. मग माइकवरून बोलायचं कुणाशी? माझ्याशी! मी खामगावातली सिस्टर, बाहेर डायल बघत बसते. बसते कसली, येरझाऱ्या घालते.

*

आत जाताना अंगावर फक्त सुती कपडे. तेल, अत्तर बंद. ठिणगी पडली तर खेळ खल्लास! जिनिंगवाले रशीदभाई उखडले, "सारी जिंदगी कापसात गेली माही, अन् तुम्ही मले सुती शिकवून राह्यल्या?"

कपडे अगदी सुती होते. डोक्याला मात्र चमेलीचं तेल चोपडलेलं!

*

डॉक्टर आधी जखमेशेजारी सेन्सर लावतात, कातडीतला ऑक्सिजन मोजतात आणि अंदाज देतात. एका आजींना म्हणाले, "भरण्याची शक्यता आहे."

"शक्यता तं पान्याचीबी सांगतेत. मी धुनं वाळू घालू का नको, ते सांगा!"

*

सोनाळ्याच्या नामदेवकाकांना शुगर, डाव्या टाचेला जखम. सेन्सरचा आकडा कमी आला. डॉक्टर म्हणाले, "वीस सिटिंग करू. फरक पडला नाही तर पाय कापावा लागेल."

काकू घरी ड्रेसिंग बदलताना जखमेवर बांगडी धरून माप घ्यायच्या. एकदा माझ्यासमोरच धरली. मी ओरडले, "काकू, हात नका लावू!"

"लावला कुठं? वरूनच धरतो. अंदाज काय तुमालेच येते?"

*

काका रोज आतून विचारायचे, "सिस्टर, भरून राह्यली का?" मलाच ठाऊक नसायचं. एकदा मी खेकसले, "मी काय ज्योतिषी आहे?"

मला दिवसभर कसंतरीच होत होतं.

दुसऱ्या दिवशी माइकवर आवाज आला, "ज्योतिष्याजवळ पोपट तरी असते. तुमच्यापाशी तोबी नाई!"

*

विसावं सिटिंग झालं. डॉक्टरांनी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडा आखली आणि ते पहिल्या दिवशीच्या प्लास्टिकवर ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"लहान झालीय," ते म्हणाले. "पण हवी तेवढी नाही."

काकांनी पिशवीतून कोऱ्या चपला काढल्या.

"काल शेगावात घेतल्या."

"काका, आत्ता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी एकच मांगतली होती, उजवी. दुकानदार म्हने, जोडीच घ्या लागते."

त्यांनी डावी चप्पल डॉक्टरांच्या हातात दिली.

"आता हिचं काय करायचं, ते तुमी सांगा."