कल्याणप्पाची सही

उमरग्याच्या पल्याड, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका बाजारगावात कल्याणप्पा शिंपीकाम करी. दुकान पोलीस ठाण्यासमोर, त्यामुळं पंच हवा असला की हाक त्यालाच. मठात शिकलेल्या कल्याणप्पाला वाचता येई ते फक्त कानडी, आणि पंचनामा असे मराठीत. पहिल्या खेपेला त्यानं तो हवालदाराकडून वाचून घेतला. पुढं विचारायचं सुटलं. मग हवालदार कोरेच कागद आणू लागला, आणि हा सुईदोरा बाजूला ठेवून ऐटीत वळणदार कानडी सही ठोकून देई. नऊ वर्षं! माणूस भला, पण गावात ‘पंच’ म्हणून मिरवायची भारी हौस.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या ज्ञानोबाला कामावर वाटायच्या सुकडीचं पोतं चोरल्याच्या संशयावरून पकडलं. तिसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. धोतरानं गळफास घेतला, असं ठाण्यानं सांगितलं. प्रेत झाकायला मांजरपाट घेऊन गेलेल्या कल्याणप्पानं त्याचे तळवे पाहिले. काळेनिळे, सुजून फुटलेले. पंचनाम्यात मात्र अंगावर एकही खूण नसल्याचं हवालदारच सांगत होता, आणि खाली सही याचीच. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानंच ज्ञानोबाच्या बायकोला, गजराबाईला, सगळं सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, “चौकशीला सायेब येणारंय. तेवढं कागदावर येऊ द्या, कल्याणप्पा. मला दुसरं काय नगं.”

ठाण्यात आलेल्या साहेबांपुढं तो कोऱ्या कागदांपासून तळव्यांपर्यंत सगळं बोलला.

“कोऱ्या कागदावर सही दिलीत? तुम्हीच आत जाल,” साहेब म्हणाले.

“जातो, सायेब. पर तळव्याचं लिवा.”

कारकुनानं पानभर मराठी लिहून कागद पुढं सरकवला.

“वाचून दावता का?” कल्याणप्पानं विचारलं.

दारातला हवालदार हसला. “नऊ वर्षांत कधी इचारलं न्हाईस, आन् आजच?”

कल्याणप्पा शरमेनं मेल्यासारखा झाला. साहेब उठलेच होते, बाहेर जीप सुरू झाली होती. कारकून पेन पुढं धरून उभा. कल्याणप्पानं सही केली.

बाहेर लिंबाखाली गजराबाई सकाळपासून थांबली होती.

“लिवलं का, तळव्याचं?”

“बोललो म्या. समदं बोललो, बाई.”

“बोललाव. पर लिवलं का?”