पेजेवरची फुंकर

देवाशी मी एकदाच भांडलो. तेही असं भांडलो की आठवलं तरी कान गरम होतात. घरातल्या रामपंचायतनाच्या तसबिरीसमोर आडवा पडून मी म्हणालो होतो, "इतकी वर्षं तुझं गाणं गातो, त्याचं हेच फळ असेल तर यापुढे तुझं नाव माझ्या तोंडी येणार नाही." नुसतं बोलून थांबलो नाही, हातातले टाळही भिंतीवर फेकले. एका टाळाची कड तेव्हा उडाली ती कायमची. लोक मला आजही बुवा म्हणतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच मोठा समज व्हायला नको.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होतो आणि लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमच्या मजल्यावर सगळी मालवणकडची घरं. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीत भजन व्हायचं आणि बुवा मी. माझा आवाज काही फार गोड नव्हता, पण दम होता. अभंगाची अख्खी ओळ मी श्वास न घेता वर चढवायचो, तिथे धरून ठेवायचो, आणि ऐकणाऱ्यांचा जीव कासावीस झाला की मगच खाली यायचो. दुसऱ्या चाळीतल्या बुवाशी सामना लागला की तो घाम पुसत खाली बसेपर्यंत मी सूर सोडत नसे. भक्ती किती होती ते रामच जाणे, मिजास मात्र भरपूर होती.

या भजनाला समोरच्या चाळीतली भागीकाकी यायची. ती सुईण. आमच्या दोन्ही चाळींतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. एका गुरुवारी ती बाळंतिणीच्या खोलीतून परस्पर भजनाला आली आणि उंबऱ्यात पाय ठेवणार तोच मी तिला थांबवलं. आमच्याकडे जन्माचं सुवेर, म्हणजे सोयर, कडक पाळतात. मी म्हणालो, "काकी, सुवेरातून आलात, आत देव आहेत. बाहेरच बसा." ती मागे सरली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पुढे मग न्हाऊनधुऊन आली तरी तिथेच बसायची. प्रसाद तिला आम्ही बाहेर नेऊन द्यायचो. मी बरोबरच वागलो असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मी कधी विचारही केला नाही.

त्या दिवशी हरताळ होता. गिरण्या बंद, दुकानं बंद, आणि सकाळी नाक्यावर गडबड झाल्यावर संचारबंदी पुकारली गेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अश्रुधुराचा वास खिडकीतून आत येत होता. मी जेवून हात धुतले आणि उजव्या कुशीत, पाठीच्या बाजूने, कोणीतरी पहार घालून पिरगाळल्यासारखी कळ आली. तो मुतखडा होता हे नंतर कळलं. तेव्हा इतकंच कळलं की आपण आता मरणार. कळ पुढे जांघेत उतरायची, थोडी ओसरायची, आणि मी सावरतोय तोच पुन्हा पाठीतून निघायची. उलटी झाली. अंगावरचा सदरा घामाने भिजला. बायको घाबरून गॅलरीत धावली, पण डॉक्टरचा दवाखाना बंद, गाडी मिळायची सोय नाही, आणि चाळीच्या दाराबाहेर पाय टाकायची कोणाची छाती नव्हती.

मग मला जे येत होतं तेच मी केलं. कळ आली की सामन्यात समोरच्या बुवाला भिडावं तसा मी तिला भिडायचो. छाती भरून श्वास घ्यायचा, दात आवळायचे, मुठी वळायच्या, आणि दम धरायचा. बघू कोण आधी खाली बसतं! रामाचं नावही मी असंच, आत कोंडून, मनातल्या मनात घेत होतो. प्रत्येक वेळी कळच जिंकत होती. दम सुटला की माझ्या तोंडून असा हंबरडा निघायचा की वरच्या मजल्यावरची पोरं रडायला लागायची. तासाभरात माझ्या जबड्याला, मानेला, पोटऱ्यांना गोळे आले. खड्याचं दुखणं एक आणि मी स्वतः करून घेतलेली दहा. त्याच वेळी ते टाळ भिंतीवर गेले आणि ते शब्द तोंडून गेले. बायको तसबिरीपुढे हात जोडून रडत होती.

एवढ्यात दारातून आवाज आला, "कोण बाय अडली गो हय?"

भागीकाकी उंबऱ्याबाहेर उभी होती. पहाटे आमच्याच चाळीत तळमजल्यावर बाळंतपणाला आलेली. मूल झालं, सगळं नीट उरकलं, पण संचारबंदीमुळे तिला समोर आपल्या घरी जाता येईना. माझा हंबरडा ऐकून तिला वाटलं वर कोणाचे तरी दिवस भरलेत. आत डोकावून पाहते तर झुपकेदार मिशांचा बुवा जमिनीवर लोळतोय! "अरे, हे तर बुवा!" म्हणत ती पाऊल उचलायला गेली आणि मध्येच थबकली. मला म्हणाली, "सुवेरातसून इलंय रे. न्हावक नाय अजून. आत येव काय?"

पोटातली कळ एका बाजूला आणि तो प्रश्न एका बाजूला. टोमणा नव्हता त्यात. मीच घातलेला नियम ती मुकाट्याने पाळत होती, आणि मी तिथे लोळत असतानाही माझी परवानगी विचारत होती. मला भयंकर लाज वाटली. हात जोडले तेवढे. बायकोच म्हणाली, "येवा काकी, येवा लवकर."

ती आली आणि आधी तिने माझ्या मुठी उघडल्या. एकेक बोट सोडवून. "दम कित्याक धरून रवलंस? सोड तो." मला सोडता येईना. ती म्हणाली, "गरम पेजेर फुंकर मारतंस मा? तशी मार. हळू. पेज सांडता नये." मग तिने मला हातापायांवर ओणवं केलं, बायकोला तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधायला सांगितलं, आणि माझ्या माकडहाडाच्या वर दोन्ही अंगठे रोवून दाबलं. त्या म्हाताऱ्या अंगठ्यांत काय ताकद होती! पुढची कळ निघाली तसा मी सवयीने आवळलो. तिने पाठीवर चापट मारली. "कळ तुझ्याशी झगडूक नाय येणां. येता नि जाता. तू वाटेर उभो रवतंस म्हणान तुका घासून जाता."

फुंकर मारत राहिलो. कळ शिगेला पोचली, तिथे थोडी थांबली, आणि उतरली. कमी झाली होती असं नाही, तेवढीच होती. पण या वेळी हंबरडा निघाला नाही. "गेली," काकी म्हणाली. "आता निज. दुसरी येयपर्यंत तिची वाट बघू नको." दोन कळांच्या मध्ये पाच-सात मिनिटांची मोकळीक आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ती सगळी मी पुढच्या कळेच्या भीतीत घालवत होतो. आता तेवढ्या वेळात मी गालाखाली हात घेऊन खरंच डुलकी काढू लागलो. कळ आली की काकी फक्त म्हणायची, "ही एकच. फुडची फुडे."

मग तिने फेकलेले टाळ पाहिले. काय झालं ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती जराशी हसली. म्हणाली, "रामाचां नाव घेतंस तां भायर सोडताना घे. आत कोंडून ठेवलंस तर तो तरी काय करतलो?" मी शब्द दिला होता की हे नाव पुन्हा तोंडी येणार नाही. पुढच्या कळेला ते आलं. श्वासाबरोबर लांबच लांब "रा" सोडला. तोंड उघडं असताना दात आवळताच येत नाहीत, हे त्या दिवशी समजलं. शेवटी "म"वर ओठ मिटले तोवर कळेचा माथा ओलांडलेला असायचा. उभ्या आयुष्यात इतकं बेसूर मी गायलो नाही. पण नाव घेतलं असं म्हणायचं तर त्या दुपारीच पहिल्यांदा घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. मी माझा दम सोडत होतो आणि कोणीतरी तो घेत होतं, एवढं मला निश्चित वाटलं.

संध्याकाळी दोन तासांसाठी संचारबंदी उठली. माझा मृदंगवाला शेजारी कुठून तरी हातगाडी घेऊन आला आणि तिच्यावर गादी टाकून त्याने मला परळच्या इस्पितळात नेलं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला मी फुंकर मारत होतो. तिथे इंजेक्शन दिलं, आणि तिसऱ्या दिवशी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा! याच्यापायी मी देवाशी वैर धरलं होतं याचं हसू आलं, आणि हसताना पोटात दुखलं नाही याचा इतका आनंद झाला की मी उगाचच पुन्हा हसलो. दुखण्याला औषध डॉक्टरचंच हवं. काकीने खडा काढला नाही, तसं ती कधी म्हणालीही नाही. औषध मिळेपर्यंतची ती दुपार मात्र तिने मला पार करून दिली.

पुढच्या गुरुवारी मी तसबिरीच्या अगदी समोर तिच्यासाठी सतरंजी घातली. ती आली तसा उठून दारापर्यंत गेलो, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "काकी, चुकलो. आता न्हाऊन या नाहीतर तशाच या, आत येऊन बसायचं." माझ्या माथ्यावरून हात फिरवून ती नेहमीच्या पायरीवरच टेकली.

"माका हयच बरां," ती म्हणाली. "तू भायर बसवलंस तेव्हा वायट वाटलां होतां. मगे कळलां, हय बरां. खालसून कोणाचां बोलावणां इलां तर लगेच ऐकाक येता."

मी आत येऊन गायला बसलो, पण त्या दिवसापासून बसतो तो आडवा, एक खांदा तसबिरीकडे आणि एक दाराकडे. त्या संध्याकाळी तिसरा अभंग चालू असताना खालून कोणीतरी घाईघाईने हाक मारली. काकीने पदर खोचला आणि ती जिना उतरून गेली. मी वरचा सूर धरला होता. तो सोडून दिला, हळू, पेज सांडणार नाही इतका हळू, आणि खाली जी कोणी अडली होती तिच्यासाठी रामाचं नाव घेतलं.