गुडघ्याखालचा सिनेमा

माझी आई सिनेमा गुडघ्याखाली बघते. पडद्यावर नाच सुरू झाला की तिची नजर नायिकेच्या पावलांवर जाते आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलत नाही. नायिका दिसायला कशी होती, साडी कुठली होती, नायकानं तिला सोडलं की तिनं नायकाला, यातलं काही तिला विचारू नये. पैंजण किती जाड होतं आणि डाव्या पायातली तीन घुंगरं मागाहून बसवली होती, एवढं मात्र तिला आठवडाभर पुरतं.

यात तिचा दोष नाही. हुपरीत आमच्या घरातच पैंजणांचं काम चालायचं आणि घुंगरं लावायचं काम आईकडे होतं. जोड पुरा झाला की तो आधी माझ्या पायात यायचा. "चालून दाखव," आई म्हणायची. मी बाहेरच्या खोलीपासून चुलीपर्यंत जायचे आणि परत यायचे. ती मान खाली घालून पुढच्या जोडाचं काम करता करता ऐकायची. दोन्ही पायांचा आवाज सारखा आला तर जोड डब्यात, नाहीतर परत तिच्या मांडीवर. अडचण एकच होती. माझा उजवा पाय जड पडतो, त्यामुळे चांगला जोडही माझ्या पायात बिघडल्यासारखा वाजायचा. "उजव्या पायावर कुणाचा राग काढतीस गं?" असं ती विचारायची आणि उजव्याचा आवाज मनातल्या मनात थोडा उतरवून घ्यायची.

इतक्या वेळा चालायला लावल्यावर कुठलीही मुलगी एखादी गिरकी घेणारच. मीही घेतली. तेव्हा आईची मान पहिल्यांदा वर झाली. "चाल म्हटलं की चालायचं," ती म्हणाली आणि मान परत खाली गेली.

पुढे कॉलेजसाठी एसटीनं कोल्हापूरला यायला लागले आणि शाहूपुरीत नाचाच्या क्लासला नाव घातलं. आईनं अडवलं नाही, पण ती बघायलाही आली नाही. पहिल्या कार्यक्रमाला तिच्याकडे घाईचं काम होतं. दुसऱ्याला गुडघा दुखत होता. तिसऱ्याला म्हैस व्याली. ही म्हैस शेजाऱ्यांची होती. लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले, वरच्या मजल्यावर स्वतःचा क्लास काढला, माझ्या पहिल्या विद्यार्थिनी आपल्या मुलींना घेऊन यायला लागल्या, पण आईनं मला नाचताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी तिला बोलावणं सोडून दिलं. वाईट वाटणं काही सोडता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका सिनेमाचं शूटिंग लागलं. नायिका बाहेरून आलेली, चेहऱ्यानं अगदी देखणी. पायांबद्दल मी बोलत नाही, त्यांच्याबद्दल डान्स मास्तर बरंच बोलत होते. शेवटी त्यांनी चौकशी करून मला बोलावून घेतलं. तोंड तिचं आणि पाय माझे, असं काम होतं.

प्रसंग नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या बाईचा होता. बॅग भरून झालेली, आणि बाहेर पडण्याआधी ती रिकाम्या घरात एकटीच नाचते. संवाद नाही, गाण्याला शब्द नाहीत. तिचा पाय घरातून निघत नाही आणि घरात राहवतही नाही, हे सगळं नाचातून कळायला हवं होतं. उंबऱ्यापर्यंत जायचं, मागं यायचं, पुन्हा उंबऱ्यापर्यंत जायचं. "मॅडम, तुम्ही रडायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "कॅमेरा खाली आहे."

गरज नव्हती हे मलाही कळत होतं. पण दुसऱ्यांदा उंबऱ्यावरून मागं वळले आणि आमचं हुपरीचं घर आठवलं. तीच बाहेरची खोली, तीच चूल, तीच माझी जा-ये. फक्त मान खाली घालून ऐकणारं कुणी नव्हतं. मी ढसाढसा रडले. मेकअपची बाई धावत आली, तिनं माझ्या पावलांना पुन्हा आळता लावला आणि माझ्या नाकाकडं न बघता निघून गेली. मास्तरांना माझा जड उजवा पाय आधी खटकला. मग म्हणाले, राहू दे, बाईला निघायचं जिवावर आलंय असं वाटतंय.

सिनेमा लागला तेव्हा आईला खरं सांगायचं धाडस मी केलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा कुठलीतरी म्हैस व्याली असती. "एका गाण्यात चांदीचं पैंजण आहे, चांगलं जाड," एवढंच फोनवर म्हटलं. आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हजर झाली.

गाणं सुरू झालं. आधी नायिकेचा चेहरा मोठा होऊन आला आणि तिच्या गालावरून टपोरे अश्रू ओघळले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई शांतपणे वाट बघत होती. मग कॅमेरा खाली उतरला आणि ती खुर्चीत पुढं सरकली.

"आवाज ह्या पैंजणाचा न्हवं," ती म्हणाली. परड्यातून शेजारणीला हाक मारताना तिचा जो आवाज असतो, तोच होता.

"मावशी, जरा गप बसा की," मागून एक जण म्हणाला.

"तुमी तोंड बघा पावणं, मी पाय बघतो."

तेवढ्यात पडद्यावर माझा उजवा पाय पडला. आईनं अंधारात चाचपून माझं मनगट धरलं आणि गाणं संपलं तरी सोडलं नाही. मध्यंतरात चहाही नको म्हणाली. आईनं चहाला नाही म्हटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून तिनं विचारलं, "रडत का हुतीस?"

"कोण, हिरॉईन?"

"ती कुठं रडाय लागलीती? तिच्या डोळ्यात कायतरी घातलं हुतं. तुझं इचारतोय मी."

त्या अख्ख्या सिनेमात माझा चेहरा कुठंच नव्हता. कसं कळलं म्हणून मी विचारलं.

"ल्हानपणी रडत चालायचीस तवा उजवा असाच पडायचा. नुसता जड न्हवं, घसटत."

मग मीही बोलून टाकलं. "तू कधी बघायला आलीच नाहीस गं मला."

आई कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली. मला वाटलं, गुडघ्याचं काढणार.

"तुला नाच सोड म्हणायचं हुतं मला," ती म्हणाली. "बघितलं असतं तर म्हणाय आलं नसतं. म्हणून येत न्हवतो."

"पण तू कधी सोड म्हणालीच नाहीस."

"व्हय," आई म्हणाली. "ते ऱ्हाऊनच गेलं बघ."

घरी आलो तर ती खालच्या मजल्यावर थांबली नाही. एकेक पायरी चढत वर क्लासमध्ये गेली, भिंतीकडेची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पैंजण घाल." मी घातलं. खोलीच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्याकडे चालत यायला लागले.

"चालतीस काय?" आई म्हणाली. तिनं मान वर केली होती. "नाच की."